घाण्यामागे पळीभर तेल

जुन्या ग्रंथालयात पाऊल टाकलं की माझे डोळे आधी भिंतीवरची देणगीदारांची पाटी शोधतात. ही सवय आजोळची. चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या आजोळगावी मारुतीच्या देवळाशेजारी एका खोलीचं वाचनालय आहे. दारातून आत गेलं की समोर काळ्या फरशीवर पांढऱ्या अक्षरांत नावं दिसतात. कुणाचे १०१ रुपये, कुणाचे ५१, कुणी दिलेली सागाची दोन लाकडं, एका बाईंनी नवऱ्याच्या स्मरणार्थ दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. मामा तिथला ग्रंथपाल. मे महिन्याच्या सुटीत रोज संध्याकाळी मी त्याच्याबरोबर वाचनालय उघडायला जायची. अक्षरं जुळवता यायला लागली तेव्हा पुस्तकांच्या आधी मी ती फरशी पाठ केली. ‘मामा, खोली यांनी बांधली, मग कंदिलात रॉकेल कोण घालतं?’ असं मी एकदा विचारलं होतं म्हणे. मामा नुसता हसला. गावात तेव्हा वीज जाण्यापेक्षा येण्याचीच वेळ मोजावी लागे, त्यामुळे कंदील रोजचाच.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. या वर्षी मुंबईतली दानातून उभी राहिलेली जुनी ग्रंथालयं पुन्हा पाहत हिंडले, तिथून मन समुद्रापलीकडं गेलं, बडोद्याला गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न बरोबर होता. इमारत कुणी दिली ते दगडावर लिहिलेलं असतं. पुढच्या वर्षीचं रॉकेल कोण देतो, ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं.

*

काळ्या घोड्याच्या चौकात, जहांगीर कलादालनाच्या समोरच्या अंगाला, मालाडच्या पिवळसर दगडाची डेव्हिड ससून लायब्ररी आहे. खाली रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट. जिना चढून वरच्या सज्जात गेलं की लांब हातांच्या आरामखुर्च्या ओळीनं मांडलेल्या. त्यांत पाय ताणून पेपर वाचणारे, पेपर छातीवर ठेवून झोपलेले, आणि जाडजूड पुस्तकात मान घालून बसलेले सभासद मी गेली पंचवीस वर्षं पाहते आहे. मागच्या बाजूला छोटी बाग आहे. मुंबईच्या या भागात, जिथं हातभर जमिनीला सोन्याचा भाव, तिथं केवळ झाडाखाली बसून वाचता यावं म्हणून राखलेली ही बाग मला कुठल्याही राजवाड्यापेक्षा श्रीमंत वाटते.

या संस्थेचं मूळ ससून घराण्यात नाही. १८४७ साली सरकारी टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या काही तरुण कारागिरांनी आणि मुकादमांनी मिळून ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ काढली. यंत्रांचे नमुने जमवायचे, व्याख्यानं ठेवायची, पुस्तकं आणायची. दिवसभर हातोडा चालवून संध्याकाळी पुस्तक उघडणाऱ्या माणसांची ती मंडळी होती. त्यांना स्वतःची वास्तू नव्हती. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. वास्तूची कल्पना त्यांचे चिरंजीव अल्बर्ट यांनी उचलून धरली, डेव्हिड ससूनांनी ६०,००० रुपये दिले, उरलेला भार मुंबई सरकारनं उचलला. एकूण खर्च सव्वा लाखाचा. डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यात वारले. लष्कर भागातल्या ज्या देवळाला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, त्याच्या आवारात त्यांची कबर आहे. इमारत पुरी झाली १८७० साली, म्हणजे ज्याचं नाव दारावर लागलं त्यानं ती पाहिलीच नाही. आत त्यांचा संगमरवरी पुतळा मात्र उभा आहे, पायघोळ अंगरख्यातला.

हे पैसे आले कुठून, हे लिहिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. ससूनांच्या पेढीचा मोठा व्यापार चीनला जाणाऱ्या अफूचा होता. कापूस होता, कापड होतं, पण अफू मोठी होती. माळव्यातल्या शेतात खसखशीच्या बोंडांना चिरे पाडणारा शेतकरी आणि चीनमधल्या बंदरातला व्यसनी माणूस, या दोघांमधून जो नफा वाहत गेला, त्यातला एक धागा त्या आरामखुर्च्यांपर्यंत पोचतो. म्हणून मी तिथं बसू नये का? मी बसते, आणि तो धागा लक्षात ठेवून बसते.

सव्वा लाखात इमारत झाली. पण पुस्तकं दर वर्षी येतात, वर्तमानपत्रं रोज येतात, शिपायाचा पगार महिन्याला द्यावा लागतो. ते सगळं सभासदांच्या वर्गणीवर आलं, आजही मुख्यतः तिथंच आहे. अधल्यामधल्या काळात उतरतं छप्पर जाऊन वर सिमेंटचा सपाट स्लॅब आला, भिंतींत पाणी मुरलं. अलीकडं उद्योगसमूहांच्या देणग्या मिळाल्या आणि २०२३ साली डागडुजी पुरी होऊन पुन्हा मूळ घडणीचं उतरतं छप्पर चढलं. इमारत आता देखणी झाली आहे. दीडशे वर्षांनी पुन्हा एकदा मोठं दान आलं, ते पुन्हा दगडालाच.

*

तिथून चालत पाच मिनिटांवर राजाबाई टॉवर. याची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी.

प्रेमचंद रायचंद मूळचे सुरतेचे, जन्म १८३१. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांना वेढा पडला, गुलामांच्या श्रमावर पिकणारा तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्लंडनं मुंबईकडं मोर्चा वळवला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. माझ्या आजोळच्या काळ्या जमिनीतलं पीकही त्याच वाटेनं गेलं असणार. मुंबईत पैसा ओतला गेला. रोज नवी बँक, नवी कंपनी. बॅक बेतला समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत गेला. या सगळ्याच्या मध्यभागी तिशी नुकती ओलांडलेले प्रेमचंद. त्यांच्या शब्दावर बँका कर्ज देत.

१८६४ साली, भरतीच्या ऐन माथ्यावर, त्यांनी सात वर्षांच्या मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले. त्याच वर्षी आणखी २ लाख दिले, ते घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं, नाव द्यावं एवढी इच्छा. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी २ लाख दिले, त्यातून निघालेली प्रेमचंद रायचंद विद्यावृत्ती बंगालमधल्या विद्वानांच्या किती पिढ्यांनी मिरवली.

१८६५च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा जनरल ली शरण आला, युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला. १ जुलैला वायद्यांची मुदत भरली तेव्हा मुंबईत देणी फेडायला कुणाकडंच पैसे नव्हते. घरंच्या घरं बुडाली, बँक ऑफ बॉम्बे पुढं गुंडाळावी लागली, खुद्द प्रेमचंद बुडाले. देणगी १८६४ची, बुडीत १८६५ची. एका वर्षाच्या फरकानं ते ग्रंथालय वाचलं. त्या तेजीतल्या बाकीच्या कागदी संपत्तीचं काय उरलं हे शोधायला गेलं तर हातात फारसं काही येत नाही. दगडात गुंतलेलं तेवढं उरलं.

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून आराखडा काढला. ते भारतात कधीच आले नाहीत. १ मार्च १८६९ रोजी पायाचा दगड बसला, काम १८७८च्या नोव्हेंबरात पुरं झालं. खर्च साडेपाच लाखांच्या घरात, उंची २८० फूट. वर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे २४ पुतळे कोरले आहेत. पागोट्यांची ठेवण पाहून कोण कुठला ते ओळखावं. ही कल्पना मला फार आवडते, पण ती पाहताना एक गोष्ट टोचते. त्या वेळी त्या पुतळ्यांपैकी किती जणांना खालच्या वाचनकक्षात बसता आलं असतं? विद्यापीठाचं ग्रंथालय विद्यापीठाच्या माणसांचं. बाकीच्यांना मनोऱ्यावर जागा मिळाली.

राजाबाईंची दंतकथा मुंबईकरांना ठाऊक आहे. त्यांना दिसत नसे, जैन आचाराप्रमाणं सूर्यास्ताच्या आत जेवायचं, म्हणून मुलानं टोले देणारं घड्याळ बांधलं. कथा खरी असो नसो, ती टिकली याचं कारण मला कळतं. मनोऱ्याच्या खालच्या दालनात हजारो पुस्तकं, आणि ज्या बाईचं नाव त्या मनोऱ्याला, तिला त्यातलं अक्षरही वाचता येणार नाही. तरी तिच्यापर्यंत काहीतरी पोचावं ही मुलाची धडपड लोकांना भावली.

वाचनकक्षात रंगीत काचांतून येणारा प्रकाश दुपारी तीन-साडेतीनला सगळ्यांत सुंदर असतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या देणगीतून २०१५ साली या वास्तूची दुरुस्ती झाली, काचा धुतल्या गेल्या, घड्याळाची निगा झाली. त्या कक्षात मी गेले तेव्हा एक तरुण संशोधक टेबलावर रुमाल अंथरून जुना अहवाल उलगडत होता. कागद कोपऱ्यात तुटत होता. तो तुकडा त्यानं हलकेच पुन्हा जागेवर ठेवला आणि पुढचं पान उलटलंच नाही. ‘एवढ्यासाठी पुन्हा येईन, आज नको,’ असं तो माझ्याकडं पाहून म्हणाला. काचा धुण्यासाठी देणगी मिळवणं जमतं. पिवळ्या पडलेल्या एकेका पानाला जपानी कागदाचं अस्तर लावणाऱ्या माणसाच्या पगारासाठी ती मिळवणं फार अवघड आहे, कारण त्या कामाचं उद्घाटन करता येत नाही.

फोर्टातलं जे. एन. पेटिट ग्रंथालयही याच वळणाचं. १८५६ साली काही पारशी विद्यार्थ्यांनी आपापसांत पैसे घालून वाचनालय काढलं. पुढं दिनबाई पेटिट यांनी तरुणपणी गेलेला मुलगा जमशेटजी याच्या नावानं दान दिलं आणि १८९८ साली आजची इमारत झाली. मुलं सुरुवात करतात, चाळीस वर्षं ओढतात, मग एका आईचं दुःख त्यांना छप्पर देतं. ससून आणि पेटिट या दोन्ही ठिकाणी शेठजींच्या आधी वर्गणी काढणारे अनाम तरुण आहेत. पाटीवर ते सापडत नाहीत.

*

आता पार पलीकडं जाते, कारण माझ्या लहानपणीच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून मागणारा माणूस मला तिथं भेटला.

अँड्र्यू कार्नेगी स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा, हातमागावरच्या विणकराचा मुलगा. वाफेचे माग आले, बापाचं काम गेलं, १८४८ साली कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्गशेजारच्या ॲलेगेनीला गेलं. तेरा वर्षांचा मुलगा सूतगिरणीत आठवड्याला सव्वा डॉलरही पुरता न मिळणाऱ्या मजुरीवर लागला, मग तारघरात निरोप्या झाला. तिथं कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ आपली चारशेक पुस्तकं दर शनिवारी कामकरी मुलांना वाचायला देत. पुढं त्या ग्रंथालयात नियम आला की उमेदवारीवर कारागिरी शिकणाऱ्यांना पुस्तकं फुकट, बाकीच्यांना वर्षाला २ डॉलर. कार्नेगी निरोप्या, उमेदवार नव्हे. त्यानं १८५३ साली वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि नियम बदलून घेतला. त्या वेळी तो सतरा वर्षांचा होता. पोलादाचा राजा होण्याच्या कितीतरी आधी तो दोन डॉलर न परवडणारा वाचक होता, हे विसरलं तर पुढचं काही कळत नाही.

पहिलं ग्रंथालय त्यानं जन्मगावी दिलं, १८८३ साली, आणि पायाचा दगड आईच्या हातून बसवला. अमेरिकेतलं पहिलं १८८९ साली ब्रॅडॉकला, स्वतःच्या पोलाद कारखान्याच्या गावात. १९०१ साली कारखाना विकून टाकल्यावर तर पूरच आला. एकट्या न्यूयॉर्क शहराला शाखा ग्रंथालयांसाठी ५२ लाख डॉलर. सगळं मिळून २,५०९ ग्रंथालयं, त्यांतली ६६० ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये, १२५ कॅनडात, सोळाशेहून जास्त अमेरिकेत.

आकडा मोठा आहे, पण मला अडकवलं ते त्यामागच्या अटींनी. गावानं पत्र पाठवलं की कार्नेगीचा सचिव जेम्स बर्ट्रम उलट प्रश्नावली धाडत असे. लोकसंख्या किती? जागा गावाची आहे का? आणि मुख्य अट: जेवढी देणगी, तिच्या दहा टक्के रक्कम दर वर्षी कर लावून ग्रंथालयावर खर्च करू, असा ठराव नगरपालिकेनं आधी करायचा. १०,००० डॉलर हवेत तर वर्षाला १,००० डॉलरची लेखी हमी द्या. पुस्तकं तुमची, पगार तुमचे, कोळसा आणि दिवे तुमचे. ठराव नाही तर पैसे नाहीत. १९११ साली बर्ट्रमनं बांधकामाच्या सूचनाही छापून पाठवायला सुरुवात केली. घुमट-खांबांवर पैसे उधळू नका, खोली अशी ठेवा की एकाच ग्रंथपालाला मधल्या टेबलावरून सगळीकडं लक्ष देता येईल. हे वाचताना मला मामाची खोली आठवली. त्यालाही दारापाशी बसून शेवटच्या कपाटापर्यंत दिसायचं.

या अटीत कंजूषपणा पाहणारे तेव्हाही होते. मला तो दानातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. फुकट मिळालेल्या वास्तूपेक्षा दर वर्षी ज्यासाठी कर भरतो ती वास्तू लोक आपली मानतात. ‘माझ्या पैशातलं आहे, पुस्तक का नाही?’ असं काउंटरवर हात आपटून विचारता येतं.

पण कार्नेगीच्या पैशावर रक्त होतं. १८९२ साली होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरी कापण्यावरून टाळेबंदी झाली, ६ जुलैला कामगार आणि कंपनीनं आणलेले पिंकर्टन या खासगी पहारेकरी संस्थेचे बंदूकधारी यांच्यात चकमक झाली, माणसं मेली, संघटना मोडली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता, सूत्रं त्याचा भागीदार फ्रिक हलवत होता, पण मालक तो होता. सहा वर्षांनी तिथल्याच एका टेकडीवर कार्नेगी ग्रंथालय उघडलं, पोहण्याच्या तलावासह. बारा तास भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस वाचणार कधी, हा कामगारांचा प्रश्न होता. पश्चिम व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावात १९०४ साली कामगार संघटनांनी मोहीम काढली आणि मतदानात कार्नेगी ग्रंथालयाचा प्रस्ताव पाडला. गावानं पुढं आपल्या पैशानं ग्रंथालय बांधलं. मी व्हीलिंगच्या मतदारांपुढं मान झुकवते. आणि ज्या गावांनी पैसे घेतले त्यांनाही दोष देत नाही, कारण त्यांच्या मुलांनी पुस्तकं वाचली.

आणखी एक जागा आहे जिथं थांबायला हवं. १९०२ साली अटलांटात कार्नेगी ग्रंथालय उघडलं तेव्हा कृष्णवर्णीयांना आत प्रवेश नव्हता. डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस शिष्टमंडळ घेऊन विश्वस्तांकडं गेले. ज्या शहराच्या करातून ते चालणार तो कर कृष्णवर्णीयही भरत होते. दहा टक्क्यांत त्यांचा वाटा होता, खुर्चीत नव्हता. लुईव्हिलमध्ये पुढं कृष्णवर्णीयांसाठी वेगळी शाखा झाली आणि तिचे ग्रंथपाल थॉमस फाउंटन ब्लू यांनी दुसऱ्या शहरांतल्या कृष्णवर्णीय मुलींना ग्रंथपालनाचं शिक्षण दिलं. देणगीपत्रात पैशाची अट घातली होती, दाराची घातली नव्हती.

१९१६ साली ॲल्व्हिन जॉन्सन या अर्थतज्ज्ञाला कार्नेगीच्या संस्थेनं पाहणीला धाडलं. त्याला दिसलं की कित्येक गावं दिलेला शब्द पाळत नाहीत, इमारती आहेत पण शिकलेला ग्रंथपाल नाही. पुढच्या वर्षी नव्या इमारतींना पैसे देणं बंद झालं.

*

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे. आमच्या आजोळापासून फार लांब नाही. बारा वर्षांचे होईपर्यंत पाटी धरली नव्हती, दत्तक गेले आणि मग शिकले. उशिरा अक्षर भेटलेल्या माणसाची अक्षराबद्दलची आच त्यांच्या प्रत्येक हुकमात दिसते. १९०६ साली ते अमेरिकेला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली. १९१० साली न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणलं आणि राज्याचं स्वतंत्र ग्रंथालय खातं काढलं. राजवाड्यातली स्वतःची २०,००० पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकली. अमेरिकेहून पोलादी मांडण्या आणल्या, मजल्यांना जाड काचेच्या फरश्या बसवल्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपावा आणि आगीचं भय नसावं.

पण मला बडोद्यातला खरा शोध गावांत दिसतो. नियम साधा होता. गावानं वर्गणी काढून वर्षाला जेवढे रुपये उभे करायचे, तेवढेच पंचायत घालील आणि तेवढेच सरकार घालील. एक तृतीयांश गावाचा, एक तृतीयांश पंचायतीचा, एक तृतीयांश राज्याचा. लहान गावाला शंभर रुपयांपर्यंत, कसब्याला तीनशे, प्रांताच्या ठाण्याला सातशे. जिथं तेवढंही जमत नाही तिथं लाकडी पेटीतून फिरतं ग्रंथालय जाई, येण्याजाण्याचा खर्चही राज्याचा. गावच्या ग्रंथपालांसाठी वर्ग निघाले. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं त्रैमासिक निघे, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. कार्नेगी इमारत देऊन चालवण्याची हमी मागत होता, सयाजीराव चालवण्याच्या खर्चातच भागीदार झाले.

त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. परत येऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्या शहरात जातीमुळं त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. अटलांटाचं दार आणि बडोद्याचं दार मला एकाच वेळी दिसतं. बाबासाहेबांनी पुढं दादरला राजगृह बांधलं ते मुख्यतः पुस्तकांना घर हवं म्हणून.

*

दसऱ्याच्या सुमारास आजोळी गेले तेव्हा वाट वाकडी करून पाटणादेवीला गेले. गौताळ्याच्या जंगलात, डोंगराच्या कुशीत चंडिकेचं देऊळ. लहानपणी आम्ही इथं नवसाला यायचो, शिलालेखाचं कुणी सांगितलं नव्हतं.

गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चं आणि इतर ग्रंथांचं अध्ययन चालत राहावं म्हणून त्यानं इथं मठ स्थापला. इथला मांडलिक राजा सोइदेव यानं शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०६–०७ च्या सुमारास, त्या मठाला दान दिलं. त्याचा लेख भाऊ दाजी लाड यांनी शोधला आणि १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला, म्हणजे मुंबई बुडाली त्याच वर्षी. लेखाचा वरचा भाग संस्कृत, राजांच्या वंशावळीचा, आणि शेवट मराठीत. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. राजाची स्तुती संस्कृतात लिहिली आणि व्यवहार मराठीत, कारण तो बाजारातल्या माणसांना कळायला हवा होता.

व्यवहार असा. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं जे देणं, ते मठाला दिलं. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागं पळीभर तेल मठाला.

ती ओळ मी प्रथम एका पुस्तकात वाचली होती, पण तिथं उभी राहून आठवली तेव्हा घसा दाटून आला. विद्यार्थी रात्री गणित सोडवणार, त्यांना दिवा लागणार, हे आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी ध्यानात ठेवलं होतं. थैली देऊन तो राजा मोकळा झाला नाही. त्यानं गावातल्या प्रत्येक तेल्याच्या घाण्याला त्या मठाच्या दिव्याशी जोडून टाकलं. घाणा फिरत राहील तोवर वात जळत राहील. दहा टक्के, एक तृतीयांश, पळीभर तेल. सव्वा लाखाच्या आणि साडेपाच लाखांच्या इमारती पाहून आल्यावर ती पळी मला सगळ्यांत मोठी वाटली.

आज आपल्याकडं काय आहे? स्वातंत्र्याआधी, १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. गावोगावच्या लोकांनी काढलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग पाडून सरकार अनुदान देतं. ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३०,००० रुपये मिळत, २०२२ सालच्या साठ टक्के वाढीनंतर ते ४८,००० झाले. महिन्याला ४,०००. यात ग्रंथपालाचा पगार, पेपर, मासिकं, पुस्तकं, वीज, सगळं. घरकामाला जाणाऱ्या बाईला आपण दोन घरांचे मिळून जे देतो तेवढ्यात एका गावाचं वाचन चालवायचं. आणि ते पैसेही हप्त्याहप्त्यानं, वेळेवर येतीलच असं नाही. आमच्या वाचनालयाचा एक हप्ता एकदा एवढा लांबला की मामानं कापूस विकून पेपरवाल्याचे पैसे दिले.

मामा आता ऐंशीच्या पुढं आहे. वाचनालय त्याचा पुतण्या उघडतो, पण संध्याकाळी काठी टेकत मामा येऊन दारापाशी बसतोच. मी गेले त्या दिवशी सात-आठ मुलंमुली पोलीस भरतीची पुस्तकं घेऊन चटईवर बसली होती. एक मुलगी भिंतीकडं तोंड करून गणितं सोडवत होती. मी देणगीदारांच्या फरशीचा फोटो काढला. मग मामाला म्हटलं, जमाखर्चाची जुनी वही असेल तर दाखव.

‘अगं, त्यात काय बघतेस, सगळी चिल्लर आहे,’ म्हणत त्यानं पुतण्याकरवी कपाटातून तीन वह्या काढवल्या. लाल कापडी बांधणीच्या, पोटाशी वाळवीनं खाल्लेल्या. जमेच्या बाजूला तारीख, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात देणाऱ्याचं नाव. गणपतीची वर्गणी, नाव. लग्नाचा आहेर ११ रुपये, नाव. पोळ्याला ५ रुपये, नाव. दर महिन्याला एक ओळ: ‘दिवाबत्ती, रॉकेल ४ बाटल्या.’ त्या ओळीसमोर नावाचा रकाना रिकामा होता. मी पान उलटलं, मग आणखी एक. १९७८, १९८३, १९९१. रॉकेल जाऊन ‘मेणबत्त्या’ झालं, मग ‘वीजबिल फरक’ झालं. अक्षर तेच, शाई बदललेली, रकाना रिकामाच.

मी वर पाहिलं. मामा त्या मुलीकडं बघत होता. ‘दिवा जरा तिच्या बाजूला सरकव रे,’ तो पुतण्याला म्हणाला. ‘वहीवर तिची स्वतःचीच सावली पडतेय.’